रोजचा ताण आणि उतारवयातील बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी वाचकांना परिचित आहे. हिंदी भाषेत तर याच अर्थाचे ‘सठियाना’ असे क्रियापदच रूढ झाले आहे. अशा शब्दप्रयोगांच्या मुळाशी दोन समजुती असतात. वयाबरोबर बुद्धीचा ऱ्हास अटळ आहे, ही पहिली. आणि हा ऱ्हास सर्वांच्या वाट्याला कमीअधिक सारखाच येतो, ही दुसरी. शास्त्रीय संशोधनाच्या कसोटीवर या दोन्ही समजुती अर्धसत्य ठरतात. काही मानसिक क्षमता वयोमानाप्रमाणे मंदावतात हे खरे. परंतु एकाच वयाच्या दोन व्यक्तींमध्ये जे अंतर दिसते, ते केवळ वयाच्या आकड्याने स्पष्ट होत नाही. शिक्षण, आनुवंशिकता, रक्तदाब, मधुमेह, श्रवणशक्ती अशी अनेक कारणे त्यामागे असतात. यांपैकी ज्याकडे सहसा लक्ष जात नाही, असे एक कारण म्हणजे रोजच्या जीवनातील ताण होय. त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वयाबरोबर काय बदलते?

बुद्धी ही एकसंध शक्ती नाही. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने तिचे दोन प्रकार मानले. अपरिचित प्रश्नाचा उलगडा करणे, अनेक गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरणे, झटपट तुलना करणे यांसाठी लागणारी ती प्रवाही बुद्धी. आणि शिक्षण व अनुभव यांतून साचत गेलेले ज्ञान, शब्दसंपत्ती व व्यवहारज्ञान ही स्फटिकीभूत बुद्धी. पहिलीचा वेग प्रौढ वयापासूनच हळूहळू कमी होऊ लागतो. दुसरी मात्र उतारवयातही दीर्घकाळ टिकून राहते. एखादे आजोबा कालच भेटलेल्या माणसाचे नाव विसरतात, पण जमिनीच्या जुन्या व्यवहारातील बारकावे अचूक सांगतात, यात विसंगती अशी काहीच नाही.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात वॉर्नर शाय यांनी १९५६ साली प्रौढांच्या बौद्धिक क्षमतांचा एक अभ्यास सुरू केला. त्याच व्यक्तींची दर सात वर्षांनी पुन्हा तपासणी करण्यात येत असे. साठीपूर्वी बहुतेक क्षमतांमध्ये सरासरीने लक्षणीय घट होत नाही, असे त्यातून दिसून आले. त्यानंतर घट सुरू होते. परंतु तिचा वेग व्यक्तीव्यक्तींगणिक फार निराळा असतो. ‘सर्वसामान्य वृद्ध’ असा कोणी नसतो, हा या अभ्यासाचा मोठा धडा होय.

ताण म्हणजे काय?

‘ताण’ हा शब्द आज सर्वतोमुखी झाला असला, तरी शरीरशास्त्रात त्याला निश्चित अर्थ आहे. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भय, क्रोध, भूक व वेदना यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांचे वर्णन केले. संकट समोर उभे राहताच हृदय जोराने धडधडू लागते, रक्तातील साखर वाढते, पचनक्रिया मंदावते आणि स्नायूंकडे अधिक रक्त वाहू लागते. झुंज देणे किंवा पळ काढणे यांपैकी काहीही करण्यास शरीर सज्ज होते.

पुढे १९३६ साली हान्स सेल्ये यांचे एक छोटेसे पत्र ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माँट्रियल येथे प्रयोग करीत असताना त्यांना असे आढळले, की उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम किंवा विषारी द्रव्ये यांपैकी कोणताही उपद्रव दिला, तरी त्यांच्या शरीरात ठरावीक बदल होतात. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, रोगप्रतिकाराशी संबंधित असलेली थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. सेल्ये यांनी या प्रतिक्रियेचे तीन टप्पे मानले: धोक्याची सूचना, प्रतिकार आणि अखेर थकवा. शरीर काही काळ झुंजते, परंतु झुंज संपलीच नाही तर ते झिजू लागते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

या प्रतिक्रियेची साखळी मेंदूपासून सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेले अधश्चेतक हे केंद्र पोष ग्रंथीला संदेश देते. पोष ग्रंथी रक्तात एक संप्रेरक सोडते. ते मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते, आणि त्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे दुसरे संप्रेरक स्रवू लागतात. अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम काही क्षणांतच जाणवतो. कॉर्टिसोलचा परिणाम त्यामानाने सावकाश सुरू होतो व अधिक वेळ टिकतो. कॉर्टिसोल हे विष नव्हे. त्याच्यावाचून जगणे अशक्य आहे. निरोगी माणसात ते पहाटेनंतर वाढते, सकाळी उठल्यावर सर्वाधिक असते आणि रात्री अगदी कमी होते. रक्तात ते पुरेसे झाले की मेंदूलाच त्याची जाणीव होऊन पुढील स्राव थांबविला जातो. घरातील पाण्याची टाकी भरताच तरंगणारा गोळा वर येऊन नळ आपोआप बंद होतो, तशीच ही योजना आहे.

मेंदूवर होणारा परिणाम

कॉर्टिसोलचा स्मरणशक्तीशी संबंध आहे, हे बरेच उशिरा लक्षात आले. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकएवन व त्यांचे सहकारी यांनी १९६८ साली असे दाखवून दिले, की उंदरांच्या शरीरातील याच जातीचे संप्रेरक मेंदूच्या ‘हिप्पोकॅम्पस’ या भागात विशेषेकरून साठते. समुद्रघोडा या माशासारखा आकार असल्यामुळे या भागाला हे नाव मिळाले आहे. नव्या आठवणी तयार करण्याचे काम मुख्यतः येथे चालते. ताणाचे संप्रेरक नेमके स्मृतीच्या दारावर येऊन थडकते, ही गोष्ट त्या काळी अनपेक्षित होती.

पुढील संशोधनातून आणखी तपशील हाती आले. उंदरांना काही आठवडे रोज ताणाखाली ठेवल्यास हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखूड होतात. कपाळामागील मेंदूच्या भागातही असेच बदल होतात. एकाग्रता, नियोजन आणि चालू कामापुरती माहिती मनात धरून ठेवणे ही कामे या भागाकडे असतात. समाधानाची बाब अशी, की ताण थांबल्यावर कोवळ्या वयाच्या उंदरांमध्ये या शाखा पुन्हा वाढतात. तथापि मॅकएवन यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वयस्क उंदरांच्या कपाळामागील भागात ही भरपाई झाली नाही. इजा सारखीच असली तरी ती भरून काढण्याची शक्ती वयाबरोबर उणावते, असा याचा अर्थ होतो.

येथे एक दुष्टचक्र संभवते. कॉर्टिसोलचा स्राव थांबविण्याचा संदेश देण्यात हिप्पोकॅम्पसचाही वाटा असतो. तोच भाग दुबळा झाला, तर नळ बंद करणारा गोळाच नीट काम करीत नाही. कॉर्टिसोल अधिक वेळ रक्तात राहते आणि तो भाग आणखी दुबळा होतो. रॉबर्ट सपोल्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ही उपपत्ती मांडली. माँट्रियल येथे सोनिया ल्युपियँ यांच्या गटाने वृद्ध व्यक्तींच्या कॉर्टिसोलची अनेक वर्षे मोजणी केली. ज्यांचे कॉर्टिसोल मुळातच जास्त होते व दरवर्षी वाढत गेले होते, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांच्या तुलनेने १४ टक्क्यांनी लहान असल्याचे, व स्मृतीच्या परीक्षेत ते मागे पडत असल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. या तपासणीतील व्यक्तींची संख्या थोडी होती, हे विसरता कामा नये. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांनी जी दिशा दाखविली होती, तीच दिशा येथेही दिसली.

मोठी संकटे आणि बारीक कटकटी

ताण म्हटला की आपल्यासमोर मृत्यू, आजारपण, दिवाळे असे प्रसंग उभे राहतात. संशोधकांचेही प्रारंभी असेच झाले. होम्स व राहे या अमेरिकन वैद्यांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची एक श्रेणी तयार केली. पती अथवा पत्नीच्या मृत्यूला तीत १०० गुण होते, विवाहाला ५०. परंतु अशा घटना आयुष्यात मोजक्याच घडतात. उरलेल्या हजारो दिवसांचे काय?

हा प्रश्न रिचर्ड लॅझारस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी मध्यमवयीन १०० व्यक्तींना महिन्यामागून महिना त्यांच्या बारीकसारीक कटकटींची नोंद करावयास सांगितले. वस्तू हरवणे, वाढती महागाई, वजनाची काळजी, अंगावर पडलेली जास्तीची कामे अशा त्या कटकटी होत्या. मानसिक अस्वास्थ्याचा अंदाज बांधण्यास मोठ्या घटनांपेक्षा या कटकटीच अधिक उपयोगी पडतात, असे आढळून आले. डेव्हिड अल्मेडा यांनी पुढे सुमारे एक हजार प्रौढांना ओळीने आठ संध्याकाळी दूरध्वनी करून त्या त्या दिवसाची हकीकत विचारली. सरासरीने ४० टक्के दिवशी कोणता ना कोणता ताणाचा प्रसंग घडलेला होता.

या नोंदींत वृद्धांचे चित्र काहीसे आश्चर्यकारक आहे. तरुणांपेक्षा वृद्ध व्यक्ती ताणाचे प्रसंग कमी सांगतात. नोकरीची धावपळ संपलेली असते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोणत्या वादात पडू नये, कोणते बोलणे ऐकून सोडून द्यावे, हे शहाणपण वयाने येते. परंतु सुसान चार्ल्स यांनी २०१० साली या चित्राची दुसरी बाजू मांडली. ताण टाळण्यात वृद्ध माणसे निष्णात असली, तरी जो ताण टाळताच येत नाही व रेंगाळत राहतो, तो सोसणे त्यांना तरुणांपेक्षा जड जाते. कारण एकदा उद्दीपित झालेले शरीर पूर्वस्थितीवर येण्यास त्यांना अधिक वेळ लागतो. अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणे, एकाच घरात राहून न संपणारा बेबनाव सहन करणे, दर महिन्याला औषधांच्या खर्चाचा मेळ घालणे हे याच जातीचे ताण होत.

घटना नव्हे, प्रतिक्रिया

दोन व्यक्तींवर एकच प्रसंग आला, तरी त्याचा परिणाम सारखा होत नाही. ऑरेगॉन राज्य विद्यापीठातील रॉबर्ट स्टॉव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१८ सालचा अभ्यास या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ६५ ते ९५ वर्षे वयाच्या १११ व्यक्तींची त्यांनी अडीच वर्षे पाहणी केली. दर सहा महिन्यांनी काही दिवस या व्यक्तींची एकाग्रता व मानसिक वेग तपासण्यात येई, आणि त्यांच्यावर किंवा त्यांच्या आप्तांवर कोणता प्रसंग आला होता व त्या वेळी मनःस्थिती कशी होती, हेही विचारण्यात येई. ताणाच्या प्रसंगी ज्यांचे मन अधिक उद्विग्न होत असे, त्यांच्या परीक्षेतील कामगिरीत अधिक चढउतार दिसले. सत्तरीच्या उत्तरार्धातील व त्यापुढील वयाच्या व्यक्तींमध्ये हा संबंध ठळक होता.

चढउतार ही येथे कळीची गोष्ट आहे. निरोगी मेंदूची कामगिरी बरीचशी एकसारखी असते. एकाच माणसाला एकच सोपे काम कधी झटकन, तर कधी फार सावकाश करता येऊ लागले, की लक्ष मधूनमधून निसटत आहे असे समजावे. याचे कारण समजण्यास कठीण नाही. चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी आपली स्मृती फार लहान असते. सकाळी झालेल्या बोलाचालीचे विचार तिच्यात घोळत राहिले, तर दुधाचा हिशेब किंवा औषधाची वेळ यांसाठी जागा उरत नाही. तरुणाजवळ थोडी जागा शिल्लक असते, म्हणून त्याचे निभावते. वृद्धाची शिल्लक आधीच कमी झालेली असल्यामुळे तीच काळजी त्याच्या कामात उघड दिसते.

दीर्घकाळाच्या दृष्टीने अमेरिकेतील रॉबर्ट विल्सन यांचे काम महत्त्वाचे आहे. त्यांच्या गटाने सुमारे आठशे वृद्ध कॅथलिक जोगिणी व धर्मगुरू यांच्या प्रकृतीचा काही वर्षे मागोवा घेतला. लहानसहान गोष्टींनी सहज व्यथित होण्याचा ज्यांचा स्वभाव होता, त्यांना अल्झायमरचा विकार जडण्याचा संभव शांत स्वभावाच्या व्यक्तींच्या दुप्पट होता, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. मृत्यूनंतर ज्यांच्या मेंदूंची तपासणी झाली, त्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. व्यथित होण्याच्या स्वभावाचा, या रोगाच्या ज्या विशिष्ट खुणा मेंदूत सापडतात, त्यांच्याशी काहीच संबंध नव्हता. म्हणजे ताण हा बुद्धीची हानी त्या रोगाच्या वाटेने नव्हे, तर वेगळ्या वाटेने करीत असावा.

अनुमानांच्या मर्यादा

या विषयात घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पहिली गोष्ट अशी, की सर्वच ताण अपायकारक नसतो. यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की अवघड गोष्ट शिकण्यास मध्यम प्रमाणातील उत्तेजनच सर्वांत उपयुक्त ठरते. ते फार कमी असले किंवा फार जास्त झाले, तर शिकणे मंदावते. जबाबदारी, थोडी निकड, एखादे नवे आव्हान यांच्या अभावी मन गंजते. वृद्धांना ‘तुम्ही काही करू नका, स्वस्थ बसा’ असे सांगणे हा ताणावरील उपाय नव्हे.

दुसरी गोष्ट, दोन बाबी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. स्मृतिभ्रंशाची अगदी आरंभीची अवस्था माणसाला भित्रे व चिडखोर बनवू शकते. अशा वेळी कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ओळखणे अवघड होते. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी व टाळता येण्याजोगी १४ कारणे नमूद केली. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, विषण्णता, सामाजिक एकाकीपणा, व्यायामाचा अभाव ही त्यांत आहेत. रोजच्या ताणाचा स्वतंत्र उल्लेख तेथे नाही. परंतु यादीतील अनेक कारणांशी त्याची सोयरीक आहे. सततचा ताण रक्तदाब वाढवितो, झोप उडवितो, घराबाहेर पडण्याची इच्छा मारतो आणि विषण्णतेला वाट करून देतो. म्हणून त्याला एकटा गुन्हेगार मानण्यापेक्षा अनेकांचा साथीदार मानणे अधिक योग्य होईल.

आपल्या देशातील प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये वयस्क व वृद्ध यांची देशव्यापी पाहणी केली. तिच्या आधारे झालेल्या संशोधनात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. हा आकडा चिंताजनक आहेच. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दर शंभरांतील नव्वदांहून अधिक वृद्धांना हा विकार नाही. तरीही त्यांच्यापैकी अनेकजण विसरतात, गोंधळतात, एकच प्रश्न पुन्हा विचारतात. त्यांच्या विस्मृतीमागे काळजी, निद्रानाश, विषण्णता, कमी ऐकू येणे किंवा पोषणातील उणीव असू शकते, आणि यांतील बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत. ‘आता वय झाले’ या दोन-तीन शब्दांनी हे उपायच बंद होतात.

समाजाने निर्माण केलेले ताण समाजाला कमीही करता येतात. निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी रांगेत तिष्ठणे, कागद अपुरे असल्याचे ऐकून परत फिरणे, झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राने न स्वीकारणे, हे अनेकांच्या वाट्याला येत असे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१४ मध्ये हा दाखला घरबसल्या देण्याची सोय केली व २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची पद्धतही आणली. वरवर पाहता ही कार्यालयीन सुधारणा. परंतु वृद्धांच्या मनावरील ओझे हलके करणारी अशी योजना आरोग्याचीही योजना ठरते. मात्र जे यंत्र तरुणाला सोयीचे, तेच वापरणे न जमल्यास वृद्धाला नवा ताण देते. म्हणून यंत्राबरोबर मदतीला माणूसही असला पाहिजे.

काय करता येईल?

व्यक्तीच्या हाती ज्या गोष्टी आहेत, त्या साध्या आहेत. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालण्याचा व्यायाम देण्यात आला. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला; केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तो काहीसा घटला. नंतरच्या सर्वच प्रयोगांत इतका स्पष्ट परिणाम दिसलेला नाही. परंतु चालण्याने रक्तदाब, झोप व मनःस्थिती सुधारते याविषयी दुमत नाही. ताणाच्या दिवशी महत्त्वाचे निर्णय व पैशाचे व्यवहार पुढे ढकलावेत. औषधे व किल्ल्या यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. मनात घोळणारी गोष्ट कोणाजवळ तरी बोलून टाकावी, निदान कागदावर उतरवावी.

घरातील माणसांचे कर्तव्य यापेक्षा मोठे आहे. विसरणाऱ्या वृद्धाला चारचौघांत टोकल्याने त्याची स्मृती सुधारत नाही. पुढच्या वेळी तो अधिक घाबरतो व अधिक विसरतो. ल्युपियँ यांच्याच गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. वृद्धांची स्मृती अनोळखी जागी, त्यांना गैरसोयीच्या वेळी तपासली, तेव्हा त्यांचे कॉर्टिसोल वाढले व तरुणांच्या तुलनेने ते मागे पडले. परंतु परिस्थिती त्यांना अनुकूल ठेवली, तेव्हा तरुणांच्या व त्यांच्या स्मृतीत फारसा फरक दिसला नाही. याचा अर्थ असा, की वृद्धांची स्मृती म्हणून आपण जे मोजतो, त्यात त्यांच्या भीतीचेही माप मिसळलेले असते. म्हणून वैद्याकडे नेताना सकाळची वेळ घ्यावी, ओळखीचे माणूस सोबत असावे, चष्मा व श्रवणयंत्र विसरू नये, आणि एका दिवसाच्या चाचणीवरून कायमचा निर्णय करू नये. एखाद्याच्या बुद्धीवर निकाल देण्यापूर्वी त्याची आदली रात्र कशी गेली, एवढी चौकशी तरी अवश्य करावी.